दालचिनीचा तो पेपर: साठ माणसं, चाळीस दिवस

मधुमेहावरचे घरगुती उपाय कुणालाही विचारा. मेथ्या, कारलं, जांभळाच्या बियांची पूड आणि दालचिनी ही नावं ठरलेली. त्यातही दालचिनीचा रुबाब वेगळा. मेथीबद्दल "आजी सांगायची" असं म्हणतात, दालचिनीबद्दल "संशोधनाने सिद्ध झालंय" असं म्हणतात. हे संशोधन नेमकं कुठलं, याचा माग काढत गेलं की बऱ्याचदा आपण एकाच पेपरपाशी येऊन थांबतो. अमेरिकन डायबेटीस असोसिएशनचं 'डायबेटीस केअर' हे जर्नल, डिसेंबर २००३ चा अंक, आलम खान आणि सहकारी. पेशावरच्या कृषी विद्यापीठातले संशोधक आणि त्यांच्यासोबत अमेरिकी कृषी खात्याचे रिचर्ड अँडरसन.

आज या पेपरची चिरफाड करायची आहे. चिरफाड म्हणजे टवाळी नव्हे. पेपर चारच पानांचा आहे, त्यातलं स्टॅटिस्टिक्स एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला झेपेल इतपत आहे, आणि पीएचडीला बसणाऱ्याने जे प्रश्न विचारायला शिकायचं ते जवळजवळ सगळे यात विचारता येतात. शिवाय हा विषय नुसता वर्गातला नाही. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडिएब पाहणीचा अंदाज आहे की भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हे वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी कुणीतरी रोज सकाळी गोळी घेतंय, आणि त्या माणसाच्या फोनवर दालचिनीचा मेसेज येऊन गेलेला आहे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. अँडरसन यांचा गट मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलला वेगवेगळ्या खाद्यपदार्थांचा साखरेवर काय परिणाम होतो हे तपासत होता. अॅपल पायने साखर वाढेल अशी अपेक्षा होती, पण निकाल उलटा आला आणि संशय पायमधल्या दालचिनीवर गेला, अशी गोष्ट सांगितली जाते. पुढे परीक्षानळीत, चरबीच्या पेशींवर, दालचिनीच्या अर्काने इन्सुलिनचं काम सुधारतं असं दिसलं. पेशीत दिसलं ते माणसात दिसतं का, हा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता. २००३ चा पेपर त्या प्रश्नासाठी होता आणि तो विचारण्यात चुकीचं काहीच नव्हतं.

रचना अशी: टाइप २ मधुमेहाची साठ माणसं, तीस पुरुष आणि तीस स्त्रिया. त्यांचे दहा-दहाचे सहा गट. तीन गटांना रोज अनुक्रमे १, ३ आणि ६ ग्रॅम दालचिनी कॅप्सूलमधून, उरलेल्या तीन गटांना तेवढ्याच कॅप्सूल, पण प्लासिबोच्या. हे चाळीस दिवस चाललं. त्यानंतर वीस दिवस सगळं बंद, म्हणजे वॉशआउट. निकाल अॅब्स्ट्रॅक्टमध्येच दिलाय: दालचिनीच्या तिन्ही गटांत उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी कमी, ट्रायग्लिसराइड २३ ते ३० टक्क्यांनी, एलडीएल ७ ते २७ टक्क्यांनी, एकूण कोलेस्टेरॉल १२ ते २६ टक्क्यांनी कमी. प्लासिबो गटांत लक्षणीय फरक नाही.

पहिल्यांदा वाचताना माणूस भारावतो. चमचाभर मसाल्याने साखर पाव हिश्शाने उतरते आणि वर कोलेस्टेरॉलही! पण अॅब्स्ट्रॅक्टमधलं ते वाक्य पुन्हा वाचा आणि स्वतःला विचारा की तुलना कुणाची कुणाशी चालली आहे.

दालचिनी गटाची तुलना त्याच गटाच्या पहिल्या दिवसाशी, आणि प्लासिबो गटाची त्याच्याच पहिल्या दिवसाशी. मग म्हणायचं की इथे फरक लक्षणीय आहे, तिथे नाही, म्हणजे दालचिनीने काम केलं. ही उडी आपण सगळेच मारतो, आणि ती चुकीची आहे. समजा एका गटात पी-व्हॅल्यू ०.०४ आली आणि दुसऱ्यात ०.०६. पहिला 'लक्षणीय', दुसरा 'लक्षणीय नाही', पण दोन गटांतला फरक मात्र नगण्य असू शकतो. अँड्र्यू गेलमन आणि हॅल स्टर्न यांनी २००६ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर एक छोटा लेख लिहिलाय, तो संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. कंट्रोल ग्रुप ठेवायचा तो उपचार गटाशी थेट तुलना करण्यासाठी. कंट्रोल ठेवला आणि मुख्य दावा मात्र आधी-नंतरच्या फरकावर उभा केला, तर कंट्रोल ठेवून न ठेवल्यासारखं होतं. कुठलाही क्लिनिकल पेपर हातात घेतलात की आधी टेबल काढा आणि पेन्सिलीने बाण काढा: लेखक आडवी तुलना करतोय की उभी? आमच्या जर्नल क्लबात या बाणांची चेष्टा होते, पण निम्मे वाद त्यानेच मिटतात.

आता दहाचा गट. दहा जणांत एकाची उपाशीपोटीची साखर काही कारणाने ३०० वरून १५० वर आली आणि बाकीच्या नऊ जणांत काडीचाही फरक पडला नाही, तरी गटाची सरासरी १५ मिग्रॅने उतरते. आणि साखर उतरायला कारणं काय कमी असतात? अभ्यासात नाव नोंदवलं, आता कुणीतरी आपलं रक्त तपासणार, म्हणून माणूस रात्रीचा भात कमी करतो, विसरलेली गोळी वेळेवर घेतो. छोट्या गटात हे असमान वाटलं जाण्याची शक्यता मोठी असते. या अभ्यासात येण्यासाठी उपाशीपोटीची साखर १४० ते ४०० च्या दरम्यान हवी होती. १४० चा माणूस आणि ४०० चा माणूस यांचा आजार एकाच नावाचा असला तरी एकाच टप्प्यावरचा नसतो. इतका रुंद पट्टा दहा-दहाच्या सहा टोपल्यांत वाटायचा, तर टोपल्या सारख्या भरणं नशिबावरच. त्यात मोजमापं पाच (साखर आणि चरबीचे चार आकडे) आणि दालचिनीचे गट तीन. म्हणजे नुसत्या चाळिसाव्या दिवशीच पंधरा तुलना. पंधरा वेळा नाणं उडवलं की चार-पाचदा ओळीने छापा पडला तरी आपण दचकत नाही. इथेही तेवढंच सावध असायला हवं.

मला स्वतःला सर्वांत खटकते ती डोसची गोष्ट. १ ग्रॅम आणि ६ ग्रॅम यांत सहापट फरक आहे. औषधी परिणाम खरा असेल तर डोस वाढवला की परिणाम काहीतरी वाढताना दिसावा, निदान एका क्रमाने जावा. इथे तिन्ही डोसचा परिणाम साधारण एकाच पट्ट्यात आहे, चढती रेघ दिसत नाही. याचा एक अर्थ असा लावता येतो की १ ग्रॅमलाच परिणाम पूर्ण होतो आणि पुढे काही वाढत नाही. असं होऊ शकतं. दुसरा अर्थ असा की जे उतरलं ते दालचिनीमुळे उतरलंच नाही. या पेपरवरून दोन्हींत निवड करता येत नाही, आणि लोकांपर्यंत फक्त पहिला अर्थ पोचला. वॉशआउटचंही तेच. दालचिनी बंद करून वीस दिवस झाले तरी आकडे सुरुवातीपेक्षा कमी राहिले, असं लेखक नोंदवतात आणि त्यावरून सुचवतात की ती रोज घ्यायची गरज नसावी. मी हे वाचून थबकले. कारण काढून घेतलं तरी परिणाम टिकतोय, तर तोच खरा कारण होता का हा प्रश्न आधी यायला हवा होता.

प्लासिबोबद्दल एक गमतीचा मुद्दा. दालचिनीचं प्लासिबो बनवणं महाकठीण. कॅप्सूल बंद असली तरी ढेकर येतेच, आणि दालचिनीची ढेकर ओळखायला पदवी लागत नाही. मसाल्यांवरच्या कुठल्याही चाचणीत 'ब्लाइंड' हा शब्द दिसला की नाकाचा बंदोबस्त काय केला हे विचारायचं.

आता एचबीए१सी. ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर म्हणजे तेवढ्या काळाची नोंदवही. उपाशीपोटीची साखर ही एका सकाळची गोष्ट. काल लग्नात जेवलात की आज वेगळी. २००३ च्या अभ्यासात एचबीए१सी मोजलेलं नाही. लेखकांच्या बाजूने बोलायचं तर चाळीस दिवसांत ते पुरतं हललं नसतंच, त्यामुळे न मोजणं समजण्यासारखं आहे. पण मग चाळीस दिवसच का, हा प्रश्न उरतोच.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाची ओळ पद्धतीच्या भागात आहे, आणि फॉरवर्डच्या प्रवासात ती कुठेतरी गळून पडली. हे सगळे रुग्ण सल्फोनिलयुरिया गटातलं औषध घेत होते आणि अभ्यासभर घेतच राहिले. म्हणजे दालचिनी औषधाच्या *ऐवजी* कधी तपासलीच गेली नव्हती, औषधाच्या *जोडीला* तपासली होती. पेपर जे म्हणतो ते अक्षरशः खरं धरलं, एकही शंका न घेता, तरी त्यातून "गोळी सोडा, दालचिनी घ्या" हे निघत नाही. मला या विषयावर लिहावंसं वाटलं ते यामुळे. मधुमेहात गोळी सोडली की दुसऱ्या दिवशी काही होत नाही. पंधरा दिवसही काही होत नाही, उलट "बघ, बरं वाटतंय" असंच वाटतं. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, पायाच्या नसा, यांचा हिशेब वर्षांनी येतो, आणि तेव्हा त्या दालचिनीचं कुणाला नावही आठवत नाही.

उलट बाजूला काय आहे ते एका वाक्यात सांगते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात ३,८६७ रुग्णांचा सुमारे दहा वर्षं पाठपुरावा झाला, औषधांनी साखर अधिक आटोक्यात ठेवलेल्या गटाचं एचबीए१सी ७.० होतं तर दुसऱ्याचं ७.९, आणि डोळे-मूत्रपिंडासारखे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार पहिल्या गटात २५ टक्क्यांनी कमी होते. चाळीस दिवस आणि दहा वर्षं. हे दोन पुरावे एकाच तराजूत घालणारा माणूस बेइमान असेलच असं नाही, पण त्याने तराजू पाहिलेला नाही.

२००३ नंतर काय झालं? इथे विज्ञानाने आपलं काम नीट केलं, ते सांगायला हवं. लोकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिले. नेदरलँड्समध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या २५ मधुमेही स्त्रियांना सहा आठवडे रोज दीड ग्रॅम दालचिनी दिली, फरक नाही (२००६). त्याच वर्षी जर्मनीत ७९ जणांना चार महिने ३ ग्रॅम दालचिनीइतका पाण्यातला अर्क दिला. उपाशीपोटीची साखर १०.३ टक्क्यांनी उतरली, पण प्लासिबो गटातही ३.४ टक्क्यांनी उतरली, आणि एचबीए१सीमध्ये दोन गटांत फरक नव्हता. अमेरिकेत ओक्लाहोमात तीन महिने १ ग्रॅम, फरक नाही (२००७). टाइप १ च्या किशोरवयीन मुलांतही काही मिळालं नाही. मग २००९ मध्ये अमेरिकेतल्याच १०९ रुग्णांच्या अभ्यासात एचबीए१सी ०.८३ ने उतरलं आणि पुन्हा मथळे झाले. पण त्या अभ्यासात प्लासिबो नव्हतं, एका गटाला नेहमीचे उपचार अधिक दालचिनी आणि दुसऱ्याला नुसते नेहमीचे उपचार. आणि त्या दुसऱ्या गटाचंही एचबीए१सी ०.३७ ने उतरलंच होतं! काहीही जास्तीचं न देता. ०.८३ हा आकडा कुणी तुम्हाला एकटा सांगितला तर त्यातला किती वाटा दालचिनीचा आणि किती अभ्यासात असण्याचा, हे तुम्हीच वजा करून पाहा.

यापुढची गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते. २०१२ मध्ये कॉक्रेनचा आढावा आला: १० चाचण्या, ५७७ माणसं. निष्कर्ष असा की दालचिनीचा वापर सुचवण्याइतका पुरावा नाही. उपाशीपोटीच्या साखरेबद्दल ठाम काही म्हणता येत नाही, एचबीए१सीत फरक नाही, आणि दोन सोडून बाकी चाचण्यांत पक्षपाताचा धोका जास्त किंवा अस्पष्ट. लगेच पुढच्या वर्षी 'अॅनल्स ऑफ फॅमिली मेडिसिन'मध्ये दुसरं मेटा-अॅनालिसिस: याही वेळी १० चाचण्या, ५४३ माणसं. निष्कर्ष: उपाशीपोटीची साखर सरासरी २४.५९ मिग्रॅने कमी होते, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडही कमी होतात, एचबीए१सीत मात्र लक्षणीय फरक नाही. आता दालचिनी विकणारा कुठला आढावा दाखवेल आणि शंकेखोर माणूस कुठला, हे सांगायला नको.

पण दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाहीये. चाचण्या निवडण्याचे नियम वेगळे, आणि कॉक्रेनच्या आढाव्यात टाइप १ चे रुग्णही आहेत. २४.५९ भोवतीचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ८.६७ पासून ४०.५२ पर्यंत पसरलाय, आणि चाचण्यांमधली विषमता मोठी आहे हे लेखकांनी स्वतःच कबूल केलंय. कुठे पूड, कुठे अर्क, कुठे १ ग्रॅम, कुठे ६, कुठे सहा आठवडे, कुठे चार महिने. इतक्या वेगळ्या गोष्टींची सरासरी काढणं म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या चपलांचा सरासरी नंबर काढण्यासारखं आहे. आकडा बरोबर येतो, चप्पल कुणालाच बसत नाही. तरीही एका गोष्टीवर दोन्ही आढावे सहमत आहेत आणि ती म्हणजे एचबीए१सी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एका सकाळच्या साखरेवर दालचिनीचा थोडा परिणाम असेलही, पण मधुमेह आटोक्यात ठेवणारी वस्तू म्हणून ती सिद्ध झालेली नाही, आणि २००३ चा देखणा आकडा पुढच्या प्रयोगांत टिकला नाही.

"पण नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?" हा शेवटचा बुरूज असतो. आधी हे की जगात मधुमेहावर सर्वाधिक लिहून दिलं जाणारं मेटफॉर्मिन हेही एका वनस्पतीच्या वंशातलंच आहे. गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपातल्या झुडपातलं गॅलेजीन साखर उतरवायचं पण विषारी होतं, त्याच कुळातला सुरक्षित रेणू शोधता शोधता मेटफॉर्मिन आलं आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी ते रुग्णांत वापरून दाखवलं. त्यामुळे झाडातून आलं की कारखान्यातून यावर भांडण्यात अर्थ नाही. रेणू कुठला, किती, कुणाला, किती दिवस, एवढंच विचारायचं.

आणि दालचिनीतला विचारण्यासारखा रेणू आहे कुमारिन. बाजारात 'दालचिनी' या एका नावाखाली दोन वेगळ्या झाडांच्या साली मिळतात. एक सिलोनची, शास्त्रीय नाव सिनॅमोमम व्हेरम, पातळ, ठिसूळ, सिगारच्या गुंडाळीसारखी अनेक पापुद्र्यांची. दुसरी कॅसिया, जाड, कडक, एकाच पापुद्र्याची. पहिलीत कुमारिन नावापुरतं, दुसरीत भरपूर. २००३ चा पेपर कॅसियावरचा होता. जर्मनीच्या बीएफआर या अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशेबात कॅसियाच्या पुडीत किलोमागे सरासरी सुमारे ३ ग्रॅम कुमारिन असतं, म्हणजे ग्रॅममागे ३ मिग्रॅ. युरोपीय मर्यादा आहे शरीराच्या किलोमागे रोज ०.१ मिग्रॅ. साठ किलोच्या माणसाला ६ मिग्रॅ. आता पेपरमधला सर्वांत मोठा डोस घ्या: ६ ग्रॅम गुणिले ३, म्हणजे १८ मिग्रॅ, मर्यादेच्या तिप्पट. काही दिवस ओलांडली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण काही संवेदनशील लोकांत यामुळे यकृताला इजा होते, आणि "आयुष्यभर रोज एक चमचा घ्या" या सल्ल्यात ही बेरीज कुणी केलेली नसते. भातात, मसाल्यात पडणाऱ्या दालचिनीबद्दल हे नाही. तिचा आस्वाद खुशाल घ्या.

दरवर्षी मला दोन-चार ज्युनियर विचारतात, "ताई, अमुक वनस्पतीच्या अँटिडायबेटिक गुणावर डेझर्टेशन करू का?" ठरलेला आराखडा असतो: पानांचा अर्क काढायचा, अल्फा-ग्लुकोसिडेज एन्झाइमवर टाकायचा, आयसी५० काढायचा, आणि निष्कर्षात "मधुमेहावर उपयुक्त ठरू शकेल" लिहायचं. किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेले उंदीर. त्या रसायनाने स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मरतात, टाइप २ च्या पन्नाशीतल्या माणसाची गोष्ट बरीच वेगळी असते. मी नाही म्हणत नाही, तंत्र शिकायला ते ठीक आहे. पण निष्कर्षातलं ते वाक्य लिहिताना वरचा सगळा प्रवास आठवावा. परीक्षानळीपासून पेशावरपर्यंत आणि पेशावरपासून कॉक्रेनपर्यंत दालचिनी गेली, आणि तरी एचबीए१सीपाशी अडली.

दालचिनीवरच काम करायचं असेल, तर एक प्रश्न अगदी हाताशी आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही व्हेरमची जात विकसित केली आहे, म्हणजे खरी दालचिनी आपल्याकडे पिकते. दुसरीकडे किराणा दुकानातली सुटी दालचिनी आणि 'डायबेटीस पावडर' म्हणून मिळणारे डबे आहेत. शहरातल्या वीस दुकानांतून नमुने घ्या, साल पाहून आधी अंदाज लिहून ठेवा की कुठली व्हेरम आणि कुठली कॅसिया, मग एचपीएलसीवर कुमारिन मोजा आणि डब्यावरच्या सुचवलेल्या डोसशी गुणाकार करा. एचपीएलसी बहुतेक विभागांत असतं. कुमारिनचं स्टँडर्ड स्वस्त आहे. नमुने घेताना दुकानदाराला 'कुठली दालचिनी' असं विचारा आणि तो काय म्हणतो तेही वहीत टिपून ठेवा, टेबलात त्यासाठी वेगळा रकाना करा.